पावसाचें पाणी जातें कोठें?

नवरात्र सरलें, दसऱ्याचें सोनें वाटून झालें, कीं महाराष्ट्रांतील मुलांचे डोळे अंगणाच्या कोपऱ्याकडे लागतात. दगडविटा गोळा होतात, चिखलांत भिजविलेलीं पोतीं त्यांवर पसरलीं जातात, हळीव पेरला जातो, आणि चार दिवसांत अंगणांत एक गड उभा राहतो. मातीचे मावळे आपापल्या जागीं उभे राहिले म्हणजे दिवाळी खरोखर आली, असें आम्ही तरी मानतों. त्या गडाच्या तटाबुरुजांविषयीं सर्वच बोलतात. आज आम्हांस घरांच्या छपरांविषयीं चार शब्द लिहावयाचे आहेत. कारण गेल्या दिवाळींत पुठ्ठ्याच्या एका छपरानें आम्हांला पुष्कळ शिकविलें.

लोणावळ्यास आमच्या परिचयाचें एक मोठें कुटुंब आहे. तीन भावांचा संसार एकत्र, वर ऐंशीच्या घरांतील आजी, आणि घर जुनें, मंगळुरी कौलांचें. मावळांतील मुलांना लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे गड शेजाऱ्यासारखे. त्यामुळें धाकट्यांनीं नेहमींप्रमाणें लोहगड करावयास घेतला. थोरल्या मुलाच्या मनांत मात्र निराळेंच होतें. पहिल्या महायुद्धांत हिंदी फौज फ्रान्समध्यें लढली होती, हें त्यानें कोठें तरी वाचलें होतें. २६ सप्टेंबर १९१४ रोजीं ही फौज मार्सेय बंदरांत उतरली. पुढें फ्रान्सच्या अगदीं उत्तरेस, नव्ह शापेल नांवाच्या खेड्यापाशीं, १० ते १३ मार्च १९१५ या चार दिवसांत तिनें मोठी लढाई दिली. तेथें १९२७ सालीं उभारलेल्या स्मारकावर, ज्यांचें थडगेंहि कोठें सांपडलें नाहीं अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचें स्मरण केलेलें आहे. मुलानें जाहीर केलें, "यंदा मी तें खेडें करणार."

आजींना हें रुचलें नाहीं. त्या म्हणाल्या, "सणासुदीला परमुलखांतली लढाई कशाला रे अंगणांत?" त्यावर मधल्या काकांनीं पुतण्याची बाजू घेतली. "आपल्याकडची माणसं तिथं जाऊन मेली, आई. मग तो मुलूख अगदींच परका कसा म्हणायचा?" आजी गप्प राहिल्या, आणि मुलास परवानगी मिळाली.

तीन दिवसांत त्यानें पुठ्ठ्याचीं चार घरें उभीं केलीं. भिंतींवर विटा रेखल्या, छपरांस लाल रंग दिला, त्यावर काळ्या शाईनें कौलांच्या रेघा ओढल्या. घरें सुबक दिसत होतीं, परंतु कोठें तरी खोटीं वाटत होतीं. कां, तें आम्हांपैकीं कोणालाच सांगतां येईना. तेवढ्यांत आजी चष्मा सांवरीत पायरी उतरून आल्या. बराच वेळ त्यांनीं तीं घरें न्याहाळलीं आणि म्हणाल्या, "घरं छान झालीं आहेत रे. पण पावसाचं पाणी जातं कुठं?"

आमच्या मतें छपराची सारी विद्या या एका प्रश्नांत आली. छपराचा प्रत्येक अवयव म्हणजे या प्रश्नाला दिलेलें उत्तर होय. आढें उंच कां, तर पाण्याला दोन वाटा मिळाव्या म्हणून. वासे उतरते कां, रिपांवर वरचें कौल खालच्या कौलावर चढवून कां ठेवतात, वळचण भिंतीच्या पुढें कां काढतात, या सर्वांचें कारण एकच. ज्या छपरावर पाण्याची वाट दिसत नाहीं, तें कितीहि रंगविलें तरी झांकणच राहतें.

मावळांतील घराला हा प्रश्न फार मोठ्यानें विचारला जातो. लोणावळ्यास वर्षाकांठीं सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोहि बहुतेक चार महिन्यांत. उत्तर फ्रान्समध्यें साऱ्या वर्षांत मिळून ७०० ते ८०० मिलिमीटर पडतो. तेवढा आमच्याकडे आषाढांतील एखादा जोराचा पंधरवडा देऊन जातो. म्हणून मावळांतील जुन्या घराची वळचण लांब असते. तिच्यावरून पागोळ्या भिंतीपासून दूर, दगडी फरशीवर पडतात. वैशाखांत घर शाकारून घ्यावयाचें, फुटकीं कौलें बदलावयाचीं, गवती छप्पर असल्यास नवें गवत चढवावयाचें, हा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. पन्हळ आमच्याकडे मदतनीस. मुख्य भार वळचणीवर.

फ्रान्सच्या खेड्यांत गोष्ट उलट. तेथें घर थेट रस्त्याच्या कडेला उभें, छपराची कड भिंतीच्या बाहेर जेमतेम आलेली. पाणी तसेंच सोडलें, तर तें भिंतीवरून ओघळेल आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर पडेल. म्हणून छपराच्या कडेला जस्ताच्या पत्र्याची अर्धगोल पन्हळ, लोखंडी आकड्यांवर टांगलेली. तिच्या टोकाशीं भिंतीला धरून खालीं उतरणारा नळ. आणि त्या नळाचा तळाकडील हात-दीड हात भाग बिडाचा, कीं गाडीचा धक्का लागला तरी चेपूं नये. मुलानें जुनीं छायाचित्रें पाहिलीं होतीं. परंतु पन्हळ त्याच्या डोळ्यांस दिसली नव्हती. आजींच्या प्रश्नानंतर तीच छायाचित्रें त्यानें पुन्हां पाहिलीं, तेव्हां प्रत्येक घरावर पन्हळ!

आणखी एक गोष्ट त्याच वेळीं ध्यानांत आली. 'फ्रेंच छप्पर' असें एकच कांहीं नाहीं, जसें 'हिंदी छप्पर' असें एक नाहीं. दक्षिण फ्रान्समध्यें अर्ध्या नळीसारखीं कौलें असतात आणि पाखीं बरीच सपाट. आंझू प्रांताकडे खाणींतून पाटीचा दगड निघत असे, मुलें शाळेंत ज्यावर लिहीत तसा. त्याचे पातळ तुकडे खिळ्यांनीं ठोकून तेथें निळसर करडीं छपरें करतात, आणि तीं चांगलीं उभीं, पंचेचाळीस अंशांच्या आसपास किंवा त्याहूनहि अधिक उताराचीं. पॅरिसचीं छपरें बहुतांशीं जस्ताच्या पत्र्याचीं. नव्ह शापेल ज्या भागांत आहे, त्या उत्तरेकडील सपाट मुलखांत विटांचीं बैठीं घरें, आणि वर इंग्रजी एस्‌ अक्षराच्या वळणाचीं तांबडीं कौलें: एका बाजूस खोलगट, दुसऱ्या बाजूस फुगीर; एकाचा फुगवटा शेजारच्याच्या कडेवर बसावयाचा. कोणत्या गांवचें घर करावयाचें, हें आधीं ठरल्याशिवाय कौल कापूंच नये.

येथें काकांनीं मुलाला एक गोष्ट दाखविली, ती आमच्या वाचकांसहि आवडेल. त्यांनीं मागच्या पडवींतील एक जुनें मंगळुरी कौल उतरविलें आणि त्याच्या कडेच्या खोबणी दाखविल्या. एका कौलाची कड दुसऱ्याच्या खोबणींत अडकते, त्यामुळें थोड्या कौलांत पुष्कळ छप्पर झांकतें आणि वजनहि कमी पडतें. ही युक्ति मूळची मंगळूरची नव्हे. आल्सास प्रांतांतील आल्तकिर्श या गांवच्या झिलार्दोनी बंधूंनीं १८४१ सालीं अशा एकमेकांत अडकणाऱ्या कौलांचें पेटंट घेतलें. पुढें तशीं कौलें मार्सेयच्या आसपास मोठ्या प्रमाणावर होऊं लागलीं आणि जहाजांतून देशोदेशीं गेलीं. १८६५ सालीं बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनीं मंगळुरास कारखाना काढला, आणि तेथील कौल हळूहळू साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर व घाटावर पसरलें. म्हणजे ज्या बंदरांत हिंदी शिपाई उतरले, तेथल्या छपरांचें आणि लोणावळ्याच्या या घराच्या छपराचें नातें चुलतभावांचें! आजींनीं तें कौल हातांत घेऊन उलटसुलट पाहिलें आणि म्हणाल्या, "बघा, साठ वर्षं याच्याखालीं संसार केला, आणि हा पाहुणा कुठला तें आज कळलं."

या शोधानें धाकट्यांची मात्र पंचाईत झाली. त्यांचा लोहगड १८१८ सालचा होता. त्या वर्षीं ४ मार्चला विसापूर आणि दुसऱ्या दिवशीं लोहगड कर्नल प्रॉथरच्या इंग्रजी फौजेच्या हातीं पडला. त्या गडावरील घरांना त्यांनीं हौसेनें लाल चौकोनी मंगळुरी कौलें लावलीं होतीं! मंगळूरचा कारखाना निघावयास तेव्हां अजून सत्तेचाळीस वर्षें अवकाश होता. थोरल्यानें चूक दाखवितांच थोडी रडारड झाली; मग कौलें निघालीं, आणि त्यांच्या जागीं अंगणांतील वाळलें गवत कापून, आढ्यापासून खालपर्यंत बांधून, साधें गवती छप्पर झालें. तें अधिक शोभलें, हें सर्वांनीं कबूल केलें.

छपराची प्रतिकृति करणें हा पोरखेळ आहे असें ज्यांना वाटत असेल, त्यांनीं एकदां भाजें येथें जावें. तेथील कारागिरांनीं दोन हजार वर्षांपूर्वीं डोंगर कोरून चैत्यगृह केलें. डोंगराच्या पोटांत पाऊस येण्याचें भय नव्हतें, छपराला आधाराचीहि गरज नव्हती. तरी त्यांनीं लांकडी घराची कमानदार आढी दगडांत उतरविली, लांकडी खांब भार पेलण्यासाठीं आंत कलते ठेवीत म्हणून दगडी खांबहि आंत कलते कोरले. कार्ल्याच्या चैत्यगृहांत तर छताच्या लांकडी फांसळ्या आजहि जागेवर आहेत. ज्या वस्तूची प्रतिमा करावयाची तिचें कारण प्रतिमेंत दिसावें, हा धडा मावळांतच घालून दिलेला आहे.

आतां प्रत्यक्ष कृतीविषयीं. ज्या घरांतून मुलें यंदा असा उद्योग करणार असतील, त्यांच्यासाठीं त्या मुलाची रीत आम्ही येथें देतों.

प्रथम माप. त्याचे शिपाई ४८ मिलिमीटर उंचीचे होते. म्हणजे साडेपांच फूट उंचीचा मनुष्य ३५ पट लहान केलेला. मग घरांतील प्रत्येक वस्तु ३५ पट लहान असली पाहिजे. पहिल्या घराच्या दारांतून शिपायाला वांकून जावें लागत होतें, आणि खिडकी त्याच्या डोक्याच्या वर होती. म्हणून तें घर मोडावें लागलें. बाजारांतून आणलेलीं चित्रें कोणत्याहि उंचीचीं असोत, आधीं चित्र मोजावें आणि मग घर कापावें.

दुसरें, कौलें. मंगळुरी कौल साधारण ४१ सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद असतें. ३५ पट लहान केल्यास तें सुमारें १२ बाय ७ मिलिमीटर होतें. एकावर एक चढल्यावर त्यांतील ९ मिलिमीटर लांबी आणि ६ मिलिमीटर रुंदी उघडी राहते. १८ सेंटिमीटर लांब आणि १२ सेंटिमीटर उताराच्या एका पाख्यास तेरा ओळी आणि दर ओळींत तीस, म्हणजे ३९० कौलें लागतात. हा हिशेब ऐकून धीर सोडूं नये. सुटीं कौलें न कापतां जाड कागदाच्या पट्ट्या कापाव्या आणि त्यांवर कौलांच्या कडा दाबून उठवाव्या. उत्तर फ्रान्सच्या कौलासाठीं तीच पट्टी विणकामाच्या बारीक सुईवर दाबून लाटेसारखी करावी. मात्र पट्टी चिकटवितांना सुरुवात वळचणीपासून करावी. या मुलानें पहिल्या वेळीं आढ्यापासून खालीं पट्ट्या लावल्या; त्यामुळें खालचें कौल वरच्या कौलावर चढलें. दिसावयास फरक थोडा, परंतु आजींनीं बोट ठेवून सांगितलें, "हें सगळं पाणी घरांत आलं बरं का."

तिसरें, पन्हळ. चार मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे आठ नंबरच्या, विणकामाच्या सुईभोवतीं जाड कागद गोंद लावून गुंडाळावा, वाळल्यावर सुई काढावी आणि नळी उभी चिरावी. दोन पन्हळी तयार होतात. संपलेल्या बॉलपेनची प्लॅस्टिकची कांडी सुमारे तीन मिलिमीटर जाड असते. ३५ पटीनें ती चार इंची नळ होते. आकड्यांसाठीं तांब्याची बारीक तार, दर दीड सेंटिमीटरावर एक. पन्हळीला उतार द्यावयास विसरूं नये. खऱ्या पन्हळीस दर मीटराला निदान पांच मिलिमीटर उतार देतात. १८ सेंटिमीटरांच्या आपल्या पन्हळीचें एक टोक दुसऱ्याहून एक मिलिमीटर खालीं असलें म्हणजे झालें. डोळ्याला हा उतार दिसत नाहीं, परंतु नसला तर जाणवतो. शेवटीं रंग. सर्व कौलें एकाच लाल रंगाचीं करूं नयेत. उन्हापावसानें कोणी काळवंडतें, कोणावर शेवाळ धरतें, आणि शाकारणींत बदललेलीं चार कौलें उजळ राहतात. पन्हळीच्या सांध्याखालीं भिंतीवर एक काळसर ओघळ काढावा. तेथें पाणी खरोखर वाहिलें आहे, असें पाहणाऱ्यास वाटेल.

हें सर्व झालें आणि घरें खरीं दिसूं लागलीं. परंतु खेडें लढाईचें होतें. तोफा सुटल्या होत्या. मुलानें पहिल्यानें भिंतींना भोंकें पाडलीं. काकांनीं विचारलें, "गोळा जवळ फुटला तर आधीं काय जाईल? भिंत कीं कौलें?" छपरावर नुसतें ठेवलेलें कौल धक्क्यानें उडतें, भिंत उभी असतांनाच छप्पर उघडें पडतें, रिपा आणि वासे बरगड्यांसारखे दिसूं लागतात. पन्हळ एका आकड्यावर लोंबत राहते. म्हणून मुलानें एका घराचें अर्धें पाखें उतरविलें, आणि जेवढीं कौलें छपरावरून गेलीं तेवढींच फोडून भिंतीच्या पायथ्याशीं टाकलीं. कांहीं अधिक नाहीं, कांहीं कमी नाहीं. फुटलेल्या कौलाची आंतली कड ताजी, तांबडी. पाठ मात्र जुनी, शेवाळलेली. हें करतांना तो कधीं नव्हे इतका गप्प झाला होता.

संध्याकाळीं पणत्या लावावयास आजी आल्या. उघड्या वाशांकडे पाहून त्यांनीं विचारलें, "या घरांतलीं माणसं कुठं गेलीं रे?" मुलानें सांगितलें, लढाई जवळ आली तेव्हां गांव सोडून गेलीं. "आणि परत आलीं तेव्हां?" याचें उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें. आजी म्हणाल्या, "पावसांत आलीं असतील, तर पहिली रात्र बसून काढली असेल." एवढें बोलून त्यांनीं पणती ठेवली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हांस दिसलें, कीं त्या उघड्या छपराच्या एका कोपऱ्यावर मुलानें कापडाच्या तुकड्याची ताडपत्री बांधली आहे, आणि खालीं, जमिनीवर, चांदीच्या कागदाची एक इवलीशी बादली ठेवली आहे. शिपाई त्यानें हलविले नव्हते. परंतु पाहावयास येणारा प्रत्येक जण आधीं त्या बादलीकडे पाहत होता. शेजारच्या लोहगडाच्या पायथ्याशीं धाकट्यांनींहि मग एक जळकें गवती छप्पर केलें. विसापुरावर आज उघडीं जोतीं दिसतात. त्यांवर एके काळीं कोणाचीं तरी छपरें होतीं, हें त्यांना बहुधा त्या दिवशीं प्रथम सुचलें असावें.

या गोष्टीचा शेवट भाऊबीजेच्या दिवशीं झाला. त्या घराच्या माजघराची उत्तरेकडील भिंत कित्येक वर्षें पावसाळ्यांत ओली होत असे. तीन वेळां तिचा गिलावा नवा केला, एकदां महाग रंगहि लावून पाहिला, ओल कायम. मुलगा त्या भिंतीबाहेर उभा राहून वर पाहत होता. त्यानें शिडी लावली, तांब्याभर पाणी पन्हळींत ओतलें आणि काकांना हांक मारली. पाणी नळाकडे जाईना. मधला एक आकडा वांकला होता. तेथें पन्हळ खचून तिचा खळगा झाला होता. पाणी सांचून नेमकें त्या भिंतीवर उतरत होतें. लोखंडी आकडा सरळ करून पन्हळ उचलावयास अर्धा तास पुरला. तीन गिलाव्यांचा खर्च त्या अर्ध्या तासांत वांचला असता, असें काका हंसून म्हणाले; परंतु त्यांच्या हंसण्यांत थोडा ओशाळेपणाहि होता.

कारण उघड आहे. ती पन्हळ सर्वांच्या डोक्यावरच होती. परंतु जो हातानें एक मिलिमीटरचा उतार देऊन बसला होता, त्यालाच ती दिसली. मुलांच्या उद्योगांकडे आपण वडील माणसें करमणूक म्हणून पाहतों. पण नीट केलेला खेळ घरालाहि उपयोगी पडतो आणि परक्या घराचें दुःखहि जवळ आणतो.

आमच्या वाचकांस एवढीच विनंति आहे. यंदा अंगणांत कोणाचाहि गड अथवा गांव उभें राहो, मुलांनीं छप्पर केलें म्हणजे त्यांना आजींचा तो प्रश्न अवश्य विचारा. आणि त्यांनीं उत्तर शोधलें, कीं त्यांच्याबरोबर अंगणांत उभे राहून आपल्या स्वतःच्या छपराकडेहि एकदां वर पाहा.